पुमानी बबल सीपॅप: मलावीतल्या नवजात कक्षांसाठी बनलेल्या यंत्राचे परीक्षण

बाटलीतल्या पाण्यात सहा सेंटिमीटर खोल बुडवलेली नळी आणि तिच्या तोंडाशी अखंड उठणारे बुडबुडे. बबल सीपॅपचे, म्हणजे श्वासमार्गात सतत थोडा दाब ठेवण्याच्या उपचाराचे, सगळे शास्त्र एवढ्यात मावते. नळी जितकी खोल, तितका दाब. सहा सेंटिमीटर बुडवली की सहा सेंटिमीटर पाण्याइतका दाब बाळाच्या श्वासमार्गात टिकतो. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या फुफ्फुसात सर्फॅक्टंट, म्हणजे वायुकोश मिटू न देणारा स्राव, कमी असते, त्यामुळे श्वास सोडला की वायुकोश मिटतात आणि पुढच्या श्वासाला ते पुन्हा उघडायला बाळाला जीव काढावा लागतो. छाती आत ओढली जाते, नाकपुड्या फुलतात, कण्हण्याचा आवाज येतो, आणि काही तासांत बाळ थकते. सतत थोडा दाब राहिला तर वायुकोश मिटतच नाहीत. यात बाळाला श्वास देणारे यंत्र काही नाही. श्वास बाळच घेते, यंत्र फक्त दार उघडे धरून ठेवते.

पुमानी हे या तत्त्वावरचे यंत्र अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात अभियांत्रिकीच्या पदवी वर्गातल्या विद्यार्थ्यांनी २०१०च्या सुमारास प्रकल्प म्हणून सुरू केले. मागणी आली होती आफ्रिकेतल्या मलावी या देशातून. ब्लँटायरच्या क्वीन एलिझाबेथ सेंट्रल हॉस्पिटलमध्ये बालरोगतज्ज्ञ एलिझाबेथ मॉलिन्यू यांना सीपॅप हवे होते, पण बाजारातले यंत्र तेव्हा सुमारे सहा हजार डॉलरचे होते. रिबेका रिचर्ड्स-कोर्टम आणि मारिया ओडेन या प्राध्यापकांच्या हाताखाली मुलांनी प्लॅस्टिकचे साधे खोके आणि मत्स्यालयात वापरतात तसले हवेचे पंप घेऊन पहिला नमुना उभा केला. पुढे कॅलिफोर्नियातल्या थर्ड स्टोन डिझाइन या कंपनीबरोबर त्याचे कारखान्यात बनवण्याजोगे यंत्र झाले. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या तांत्रिक अहवालात सुट्या भागांचा घाऊक खर्च सुमारे ३५० डॉलर दिला आहे. विक्रीची किंमत अर्थातच त्याहून जास्त. चिचेवा भाषेत ‘कुपुमा’ म्हणजे श्वास घेणे आणि विसावणेही. नाव तिथून आले.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. नवजात बाळांसाठी, प्रशिक्षित नर्स चोवीस तास असलेल्या जिल्हा रुग्णालयात हे यंत्र घेण्यासारखे आहे. पण पेटी घेणे हा खर्चाचा लहान भाग आहे. प्राँग्ज (नाकात बसणाऱ्या छोट्या नळ्या), ऑक्सिजन, ऊब, पल्स ऑक्सिमीटर आणि दुरुस्ती करणारा माणूस यांचा विचार न करता पेटी पाठवली, तर ती वर्षभरात कपाटावर जाते.

पेटीच्या आत दोन डायफ्रॅम पंप आहेत. विद्युतचुंबक एक दांडी हलवतो आणि दांडी रबरी पडदा दाबते, इतकी साधी रचना. पंपांची हवा आणि बाहेरून, बहुधा कॉन्सन्ट्रेटरमधून (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणाऱ्या यंत्रातून), येणारा ऑक्सिजन यांचे प्रमाण ठरवता येते. बाहेर दाबाची बाटली, बाळाकडे जाणारी नळी, नाकात बसणारे प्राँग्ज आणि नळ्या धरून ठेवणारी टोपी. बस. आकडे दाखवणारा स्क्रीन आणि संगणकी नियंत्रण नसल्याने बिघडायलाही फार काही नाही. मलावीत वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची आहे, आपल्यासारखीच. फक्त भिंतीतला सॉकेट ब्रिटिश पद्धतीचा, तीन चपट्या पिनांचा. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण चुकीचा प्लग असला की वॉर्डात दोन-तीन अडॅप्टर एकमेकांत खोचले जातात, ते सैल होतात, तापतात, आणि रात्री कुणाचा तरी धक्का लागून यंत्र बंद पडते. दान देणाऱ्याने प्लग बदलूनच यंत्र पाठवावे.

गुण कोणता, ते आकड्यांत पाहता येते. ब्लँटायरमध्ये झालेला अभ्यास २०१४मध्ये प्रसिद्ध झाला. श्वासाचा तीव्र त्रास असलेल्या ८७ नवजातांपैकी ६२ जणांना बबल सीपॅप मिळाले, २५ जणांना नेहमीचा नाकातून ऑक्सिजन. सीपॅपवाली ७१ टक्के बाळे वाचली, ऑक्सिजनवाली ४४ टक्के. दीड किलोहून कमी वजनाच्या बाळांत फरक आणखी ठळक होता: सीपॅपवर सुमारे ६५ टक्के वाचली, नुसत्या ऑक्सिजनवर सुमारे १५ टक्के. हा अभ्यास चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला नव्हता आणि संख्याही लहान आहे, त्यामुळे टक्केवारी जशीच्या तशी दुसऱ्या रुग्णालयाला लावू नये. पण ही बाळे मोठ्या शहरी रुग्णालयातली होती, आणि खरा प्रश्न त्यानंतरचा होता: डॉक्टर दिवसातून एकदाच फेरी मारतात अशा जिल्ह्याच्या ठिकाणी काय होते? मलावीच्या आरोग्य खात्याबरोबर यंत्र सरकारी जिल्हा रुग्णालयांत गेले, तेव्हा त्याचे उत्तर बरेचसे नर्सच्या हातात असल्याचे दिसले.

म्हणून वापराबद्दल सविस्तर लिहितो. महाराष्ट्रातल्या एसएनसीयूत (आजारी नवजातांच्या विशेष कक्षात) काम करणाऱ्या सिस्टरांना यातले बरेचसे ओळखीचे वाटेल.

कोणत्या बाळाला लावायचे यासाठी मलावीत ‘ट्राय’ नावाची युक्ती शिकवली जाते. बाळाच्या अंगात ताकद आहे, श्वासाचा त्रास आहे आणि हृदयाचे ठोके मिनिटाला १००च्या वर आहेत, या तिन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तर लावायचे. डॉक्टर येईपर्यंत थांबायला नको, नर्स निर्णय घेऊ शकते, हा या युक्तीचा मोठा फायदा. अंग पूर्ण लुळे पडलेल्या, धापा टाकणाऱ्या किंवा श्वास थांबलेल्या बाळाला सीपॅपचा उपयोग नाही. त्याला आधी बॅग आणि मास्कने श्वास द्यावा लागतो.

सुरुवातीला दाब ५ ते ६ सेंटिमीटर आणि एकूण प्रवाह मिनिटाला सुमारे ६ लिटर ठेवतात. यंत्र सांगत नाही पण नर्सला आला पाहिजे असा एक हिशेब आहे. कॉन्सन्ट्रेटरचा ऑक्सिजन साधारण ९३ टक्के शुद्ध, हवेत २१ टक्के. सहा लिटरमध्ये १ लिटर ऑक्सिजन आणि ५ लिटर हवा घेतली तर बाळाला ३३ टक्के मिळतो. २ आणि ४ घेतले तर ४५. ३ आणि ३ घेतले तर ५७. ही तीन ओळींची पाटी पेटीवर चिकटवून ठेवावी. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ऑक्सिजनवर असताना ९० ते ९५च्या मध्ये हवे. ९५च्या वर गेले तर ऑक्सिजन कमी करायचा, कारण जास्त ऑक्सिजनने बाळाच्या डोळ्यांचा पडदा बिघडतो. पल्स ऑक्सिमीटर नसलेल्या वॉर्डात हे यंत्र देऊच नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्राँग्ज हा या सगळ्या जोडणीतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निर्णायक भाग. ते बाळाच्या वजनाप्रमाणे मिळतात: सव्वा किलोपर्यंत १ नंबर, दोन किलोपर्यंत २, तीन किलोपर्यंत ३, त्याच्या वर ४. नाकपुडी पूर्ण भरेल पण ताणली जाऊन पांढरी पडणार नाही, इतका मोठा प्राँग हवा. लहान बसवला तर हवा बाजूने निसटते आणि दाब टिकत नाही. घट्ट दाबला तर नाकाच्या मधल्या पडद्याला जखम होते, आणि ती जखम एकदा खोल गेली की नाकाचा आकार कायमचा बिघडतो. प्राँग्जची आडवी पट्टी आणि नाकाचा पडदा यांच्यात दोन ते तीन मिलिमीटर मोकळी जागा दिसायलाच हवी. ही जागा प्रत्येक तपासणीला डोळ्यांनी बघायची, अंदाज करायचा नाही.

जागा राहते की नाही हे टोपी ठरवते. पायमोज्यासारख्या विणलेल्या ताणदार कापडाची टोपी डोक्याला घट्ट बसवायची, कपाळापासून मानेपर्यंत, कान झाकून. दोन्ही बाजूंना नळ्या सेफ्टी पिन आणि रबर बँडने टोपीला बांधायच्या. टोपी सैल असेल तर बाळाने मान वळवली की प्राँग्ज फिरतात, आणि मग नर्स ते नाकात आणखी आत ढकलते. जखमांचे मूळ बहुतेक वेळा इथे असते. बाळाचे डोके नळीच्या बाजूला किंचित वळलेले, मान सरळ, खांद्याखाली फडक्याची पातळ गुंडाळी.

पोटात हवा जाणारच, म्हणून तोंडातून जठरात नळी घालून तिचे बाहेरचे टोक उघडे आणि पोटापेक्षा उंच ठेवायचे. हे विसरले तर पोट फुगते, पोट फुगल्याने श्वास आणखी अडतो, आणि घरचे लोक यंत्राने बाळ बिघडले असे समजतात. दूध त्याच नळीतून देता येते. दिल्यावर अर्धा तास बंद, मग पुन्हा उघडी.

आता बुडबुडे. वॉर्डात शिरताच कानाला त्यांचा आवाज यायला हवा. थांबले तर लगेच बघायचे. कारणे थोडी आहेत आणि क्रमाने तपासता येतात. बाळाचे तोंड उघडे असेल तर हनुवटीखाली मऊ पट्टी बांधायची. प्राँग्ज लहान किंवा निसटलेले असतील तर बदलायचे. नळीचा एखादा जोड ढिला असल्याची शंका असेल, तर प्राँग्जचे तोंड बोटांनी बंद करून बघायचे. तरीही बुडबुडे आले नाहीत तर गळती नळीत किंवा बाटलीच्या झाकणात आहे. झाकण घट्ट असूनही काही नाही, तर प्रवाह कमी झाला आहे, आणि त्याचे कारण पंपात आहे.

पण उलट बाजूही लक्षात ठेवावी. बुडबुडे येतात म्हणजे दाब बाळाच्या फुफ्फुसापर्यंत पोचतोच असे नाही. नाक शेंबडाने पूर्ण बंद असेल तरी बाटली छान बुडबुडते. म्हणून दर चार तासांनी प्राँग्ज काढून नाकात सलाइनचे थेंब टाकायचे आणि हलक्या हाताने सक्शन करायचे. पुमानीत हवा गरम करून ओलसर करणारे साधन नसल्याने स्राव लवकर वाळतो आणि हे काम चुकवता येत नाही. आमच्या दृष्टीने यंत्राची ही खरी उणीव आहे.

बाटलीतल्या पाण्याची पातळी दर पाळीला बघावी. पाणी उडून पातळी खाली आली तर नळी तेवढी कमी बुडते आणि दाब उतरतो. ओलावा साचून पातळी वर गेली तर दाब चढतो. एक सेंटिमीटरचा फरक सव्वा किलोच्या बाळाला जाणवतो. बाटली बाळाच्या पातळीपेक्षा खाली ठेवायची, म्हणजे पाणी नळीतून बाळाकडे जाणार नाही. सीपॅपवरचे बाळ अचानक निळे पडले आणि छातीची एक बाजू कमी हलताना दिसली तर फुफ्फुसाबाहेर हवा साचल्याचा संशय घ्यायचा आणि डॉक्टरांना तातडीने बोलवायचे.

दुरुस्तीबद्दल बोलायचे तर पंपाचा रबरी पडदा हा झिजणारा भाग. पडदा कडक होतो, चिरतो, आणि पंप तसाच गुणगुणत राहतो, पण हवा कमी सोडतो. आवाजावर विश्वास ठेवू नये. महिन्यातून एकदा बाहेरचा फ्लोमीटर जोडून पूर्ण प्रवाह मोजावा, आकडा पेटीवरच्या कागदावर लिहावा. आकडा उतरू लागला की पडदा बदलायची वेळ झाली. हवा आत घेण्याच्या ठिकाणचा फिल्टर कोरड्या हंगामात, लाल धूळ उडते तेव्हा, आठवड्याला धुवून पूर्ण वाळवून लावायचा. अशा पंपांना विजेची वारंवारताही महत्त्वाची असते: ६० हर्ट्झसाठी जुळवलेला पंप ५० हर्ट्झवर अशक्त चालतो, आणि वेग नीट न सांभाळणाऱ्या जनरेटरवर कोणताही पंप प्रवाह बदलत राहतो. सुटा पंप मागवताना व्होल्टेजबरोबर हर्ट्झही लिहून द्यावे.

विजेचा हिशेब न करता घेतलेले सीपॅप जिल्ह्यात टिकत नाही. जानेवारी २०२२मध्ये ‘आना’ वादळाने शिरे नदीवरचा कापिचिराचा जलविद्युत प्रकल्प बंद पडला तेव्हा मलावीची वीजक्षमता एका झटक्यात मोठ्या प्रमाणात घटली होती. पेटीतले पंप फार वीज खात नाहीत. खातो तो कॉन्सन्ट्रेटर: मिनिटाला पाच लिटर ऑक्सिजन देणारा असेल तर साधारण ३५० वॅट. चार तासांसाठी १४०० वॅट-तास. इन्व्हर्टरमधली गळती धरून सुमारे १६५०. शिशाची बॅटरी अर्ध्यापेक्षा जास्त रिकामी करू नये, म्हणजे ३३०० वॅट-तासांची बॅटरी हवी, १२ व्होल्टच्या १०० अँपिअर-तासांच्या तीन. हा खर्च यंत्राच्या प्रस्तावात दिसत नसेल तर प्रस्ताव अपुरा आहे. आणि बॅटरी असो वा नसो, एक मोठा सिलिंडर, रेग्युलेटर आणि पाना खाटेजवळ हवाच. वीज गेली की पहिले काम प्राँग्ज नाकातून काढणे. प्रवाह थांबलेल्या नळीत बाळ आपलाच सोडलेला श्वास पुन्हा घेत राहते. मग सिलिंडरवरून साधा नाकातला ऑक्सिजन, आणि बाळाने श्वास सोडून दिला तर बॅग आणि मास्क.

एका पाच लिटरच्या कॉन्सन्ट्रेटरवर किती बाळे? प्रत्येकी दोन लिटर लागत असेल तर दोन, तीन लिटर लागत असेल तर एकच. कॉन्सन्ट्रेटरची शुद्धता ८२ टक्क्यांच्या खाली गेली की तो दुरुस्तीला काढावा लागतो, आणि ती मोजायला ऑक्सिजन अॅनालायझर लागतो. दमट हवेने आतला झिओलाइट, म्हणजे ऑक्सिजन वेगळा करणारा पदार्थ, खराब होतो. यंत्र महिनोन्‌महिने बंद ठेवले की हे जास्त लवकर होते. जास्तीचा म्हणून ठेवलेला कॉन्सन्ट्रेटरही अधूनमधून चालवत राहावा.

स्वच्छतेत चुका होतात त्या क्लोरीनच्या मापात. नळ्या, बाटली आणि प्राँग्ज आधी साबणाच्या पाण्याने धुवायचे, मग ०.५ टक्के क्लोरीनमध्ये दहा मिनिटे, मग स्वच्छ पाण्याने खळबळून टांगून वाळवायचे. ब्लीच ३.५ टक्क्यांचे असेल तर एक भाग ब्लीचला सहा भाग पाणी. ७० टक्क्यांची पावडर असेल तर लिटरला ७ ग्रॅम. जास्त कडक द्रावणात किंवा रात्रभर बुडवून ठेवलेले प्राँग्ज ताठ होतात, आणि ताठ प्राँग नाक कापतो.

यंत्रावर घेतलेले दोन गंभीर आक्षेप वाचकांपासून लपवणे बरोबर नाही. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत पुमानी आणि फिशर अँड पायकेल व इंग्लंडची डायमेडिका या कंपन्यांची यंत्रे कृत्रिम फुफ्फुसावर तपासली गेली. नेहमीच्या दोन यंत्रांच्या तुलनेत पुमानीत दाब स्थिर राहिला नाही आणि श्वासाला होणारा अडथळा जास्त निघाला. प्रयोगशाळेतला निकाल आणि वॉर्डातले जगणे-मरणे या वेगळ्या गोष्टी आहेत, पण नवीन खरेदी करणाऱ्याने हा निकाल वाचूनच इतर स्वस्त यंत्रांशी तुलना करावी. अगदी लहान, एक किलोच्या आसपासच्या बाळाला प्रत्येक श्वासाचे ओझे मोजावे लागते.

दुसरा आक्षेप या यंत्रावर नसून उपचार कुणाला द्यावा यावर आहे. मलावीतल्याच सलीमा जिल्हा रुग्णालयात एक महिना ते पाच वर्षे वयाच्या, तीव्र न्यूमोनियासोबत एचआयव्ही, कुपोषण किंवा ऑक्सिजनची कमतरता अशी जोखीम असलेल्या मुलांवर २०१५ ते २०१८ दरम्यान चाचणी झाली. ६४४ मुले, यावेळी चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले. बबल सीपॅप मिळालेल्यांत सुमारे १७ टक्के दगावली, साध्या ऑक्सिजनवर ११ टक्के. चाचणी वेळेआधी थांबवावी लागली. तिथे डॉक्टरांची रोजची देखरेख नव्हती. नवजात कक्षासाठी दिलेले यंत्र रिकामे आहे म्हणून बालवॉर्डात नेऊ नये, हा यातून निघणारा सरळ नियम. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या शिफारशीत सीपॅप आहे ते अपुऱ्या दिवसांच्या, श्वासाचा त्रास असलेल्या नवजातांसाठी.

आणि ऊब. मलावीच्या जिल्हा रुग्णालयांतल्या नोंदी तपासल्या तेव्हा अंग थंड पडलेल्या बाळांना सीपॅपचा फायदा फारसा झालेला दिसला नाही. थंडीत बाळ जास्त ऑक्सिजन जाळते आणि सर्फॅक्टंटही नीट काम करत नाही. प्रसूतीच्या खोलीपासून वॉर्डापर्यंत बाळ उघडे नेले, तर पुढची सगळी जोडणी अर्धी वाया जाते. तापमान ३६.५च्या खाली असेल तर सीपॅप लावतानाच वॉर्मर सुरू करावा, डोक्यावरची टोपी ओली झाली असेल तर बदलावी, आणि बाळ स्थिर झाले की आईच्या छातीशी बांधूनही सीपॅप चालू ठेवता येते. नळी तेवढी लांब घ्यावी.

एका यंत्राबरोबर पहिल्या वर्षासाठी एवढे मागवावे: १ आणि २ नंबरचे प्राँग्ज प्रत्येकी वीस, ३ आणि ४ नंबरचे प्रत्येकी दहा, ६ आणि ८ नंबरच्या जठरनळ्या, ताणदार कापडाचा एक तागा, पंपाच्या पडद्यांचे दोन संच, हवेचे फिल्टर, सुटा फ्लोमीटर, नवजात बाळाच्या पायाला बसणाऱ्या सेन्सरसह पल्स ऑक्सिमीटर. प्राँग्ज लहान आकाराचेच आधी संपतात. वापरणाऱ्या नर्सचे प्रशिक्षण दर सहा महिन्यांनी पुन्हा घ्यावे लागते, कारण सरकारी रुग्णालयात नर्सची बदली दुसऱ्या वॉर्डात होत राहते. प्रत्येक पाळीत शिकलेली एक तरी नर्स राहील असे वेळापत्रक मेट्रनकडून लिहून घ्यावे. दुरुस्तीसाठी ब्लँटायरच्या पूर्वीच्या पॉलिटेक्निकमध्ये (आता मलावी युनिव्हर्सिटी ऑफ बिझनेस अँड अप्लाइड सायन्सेस) बायोमेडिकल शिकलेले मलावीचेच तरुण आता मिळतात. पडदा बदलण्याचे काम स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलेल्या अशा माणसाला जमते, फक्त पडदा त्याच्या खणात आधीपासून असावा लागतो.